महाबळेश्वरची गुहा, निपाह आणि आपल्या गावातले तापाचे रजिस्टर

कृष्णाकाठ_वाई (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या सोमवारी वाईच्या बाजारात पेरू घेत असताना शेजारच्या एका बाईंनी टोपलीतून खाल्लेला पेरू बाजूला काढला, आणि विक्रेत्याने तो उचलून पुन्हा तळाशी सारला. पोपटाने टोचलेल्या फळावर चोचीची तिरपी खाच दिसते. या पेरूचा गर मात्र चुरगळून ओढलेला होता आणि कडेला दातांची बारीक नक्षी उमटलेली होती, म्हणजे तो वटवाघळाने खाल्लेला असावा. मी तो फळवाल्याकडून मागून घेतला आणि घरी येऊन परड्यात पुरला. घरच्यांना हे जरा जास्तच वाटले. मी ३१ वर्षे सातारा जिल्ह्यात आरोग्य सहाय्यक म्हणून काम केले आहे, आणि वटवाघळांपासून माणसांत येऊ शकणाऱ्या निपाह या जीवघेण्या विषाणूचा विषय मनातून जात नाही म्हणून हा धागा काढत आहे.

पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, जिला आपण सगळे एनआयव्ही म्हणतो, तिच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुहेत राहणाऱ्या फळखाऊ जातीच्या ३३ वटवाघळांत आणि किडे खाणाऱ्या लहान जातीच्या एका वटवाघळात निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली. प्रतिपिंडे सापडणे याचा अर्थ त्या प्राण्याच्या शरीराने कधीतरी या विषाणूशी सामना केला होता एवढाच होतो. त्यावरून गुहेच्या बाहेर माणसांत आजार फिरत होता असे म्हणता येत नाही, आणि सातारा जिल्ह्यात माणसाला निपाह झाल्याची नोंदही नाही. तरीही विषाणू आपल्या डोंगरांत नाही असे समजून निवांत राहण्याची सोय त्या दिवसापासून संपली.

निपाहचा पहिला उद्रेक मलेशियात १९९८-९९ मध्ये झाला. तेथे आंब्याच्या बागांखाली डुकरांचे गोठे होते, वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे खाली पडत, ती डुकरे खात आणि डुकरांपासून माणसे आजारी पडत. सुरुवातीला सगळ्यांना हा जपानी मेंदूज्वर वाटला, त्यामुळे डासांवर धुरळणी झाली, लसी टोचल्या गेल्या. पण आजारी पडणारी माणसे बहुतेक डुकरांशी काम करणारे प्रौढ पुरुष होते, आणि जपानी मेंदूज्वर तर मुख्यतः मुलांना होतो. ही विसंगती ज्यांना खटकली त्यांच्यामुळेच शोध पुढे गेला. डॉ. चुआ काव बिंग यांनी १९९९ मध्ये विषाणू वेगळा केला, आणि ज्या रुग्णाच्या नमुन्यातून तो मिळाला त्याच्या सुंगाई निपाह या गावावरून विषाणूला नाव पडले. एकूण २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू झाले, आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

आपल्या देशातल्या दोन घटना मी नोकरीतल्या प्रत्येक नव्या मुलाला शेजारी बसवून सांगत असे. पहिली पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीची, २००१ सालची. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू, आणि त्या रुग्णांत मोठा भाग रुग्णालयातील कर्मचारी व रुग्णांना भेटायला आलेल्या माणसांचा. त्या वेळी आजाराचे नाव कोणालाच सांगता आले नाही. जपून ठेवलेल्या नमुन्यांची पुढे तपासणी झाली आणि तो निपाह होता हे २००६ मध्ये जगासमोर आले. म्हणजे नाव कळायला पाच वर्षे लागली. दुसरी केरळमधल्या कोळिकोडची, मे २०१८ ची. पेरांब्रा भागातला एक तरुण दगावला, त्याचे निदान झालेच नाही. मग त्याचा भाऊ त्याच लक्षणांनी दुसऱ्या रुग्णालयात आला, घरातली आणखी माणसेही आजारी होती, आणि तेथील डॉक्टरांनी एकाच घरात दुसऱ्यांदा हे का घडते आहे असा प्रश्न विचारून नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राकडे पाठवले. काही दिवसांत पुण्याहून निदान पक्के झाले. दोन हजारांहून अधिक संपर्कांचा माग काढून त्यांच्यावर नजर ठेवली गेली. १७ माणसे गेली, त्यांत पहिल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी होत्या. पण साखळी तुटली.

सिलिगुडी आणि कोळिकोड यांच्यामध्ये प्रयोगशाळांची प्रगती आहे, हे मला मान्य आहे. पण प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी शंका घ्यावी लागते, आणि ती शंका पुण्यात बसून घेता येत नाही, ती गावातच घ्यावी लागते.

आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, डॉक्टर संशयित रुग्णाची नोंद करतो आणि प्रयोगशाळा खात्री झालेल्याची. एस, पी आणि एल या तीन फॉर्मांची माहिती पूर्वी आठवड्याला कागदावर जात असे आणि आता संगणकावर भरली जाते. रचना उत्तम आहे. पण माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो, गाव आणि माणसे सांगत नाही. एका पावसाळ्यात एका वाडीत दहा दिवसांत तापाचे नऊ रुग्ण झाले. त्यांतले सहा जण एकाच खासगी डॉक्टरकडे गेले, दोघे थेट शहरात गेले आणि एक घरीच राहिला. आमच्या रजिस्टरला त्या आठवड्यात तापाचे शून्य रुग्ण होते. मला ते कळले लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या माणसाने सहज सांगितले म्हणून. पुढे तो डेंग्यू निघाला आणि कोणी दगावले नाही. मी मात्र ती शून्याची नोंद अजून विसरलेलो नाही, कारण खाली सही माझी होती.

माझे म्हणणे असे की निपाह असो वा दुसरा कोणता प्राण्यांपासून येणारा नवा आजार असो, आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्याची पहिली खबर आशाताई, गावचा डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि तापाने पडलेल्या माणसाचे घर यांच्याकडूनच यायची आहे. ती खबर अडते कुठे, हे इथल्या सदस्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

येळावी_द्राक्ष

काका, धागा फार वेळेवर आला. आमच्या तासगाव भागात एका ओढ्याकाठच्या जुन्या वडावर वटवाघळांची मोठी वस्ती आहे, माझ्या आजोबांच्या आठवणीतही ती होती. केरळची बातमी आली की गावात दरवेळी तो वड तोडायचा किंवा खाली धूर करायचा विषय निघतो. मागच्या वर्षी दोन तरुणांनी फटाके लावले. वाघळे तीन दिवस सैरभैर फिरली आणि शेवटी गावाच्या दुसऱ्या बाजूच्या चिंचेवर, शाळेच्या मागे, जाऊन बसली. पूर्वी वडाखाली कोणी बसत नव्हते, आता शाळेच्या मुलांच्या डोक्यावर ती आहेत. यात काय केले पाहिजे, आणि बागेतली फळे किती धोक्याची समजायची, हे कृपया सविस्तर सांगावे.

कृष्णाकाठ_वाई

आपण जे पाहिले तेच तज्ज्ञ सांगतात. वस्ती हलवली की वटवाघळे नवी जागा शोधतात, त्यांच्यावर ताण येतो, आणि ताणातल्या वटवाघळांकडून विषाणू अधिक बाहेर पडतो असे त्यांच्या अभ्यासकांना दिसले आहे. शिवाय ती फुलांचे परागीकरण करतात, बिया दूरवर नेऊन टाकतात, आणि किडे खाणाऱ्या लहान जाती पिकांवरचे किडे संपवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली गेली, आणि मला ते योग्य वाटते. वडाला हात लावू नका. चिंचेखाली मुलांनी डबे खाऊ नयेत, खाली पडलेली फळे कोणी उचलू नयेत आणि पाण्याची टाकी झाकलेली असावी, एवढे मुख्याध्यापकांना सांगा.

फळांविषयी सांगायचे तर दात लागलेले किंवा झाडाखाली सापडलेले फळ खायचे नाही आणि गुरांनाही घालायचे नाही, बाकीचे स्वच्छ धुऊन, सोलून खायचे. विषाणू साबणाने आणि उष्णतेने नष्ट होतो. द्राक्षांच्या घडांची तोडणी करणाऱ्या बायकांना हातमोजे मिळाले तर उत्तमच, नाही तर कामानंतर साबणाने हात धुणे चुकवू नये.

मिरज_फिजिशियन

मी मिरजेत औषधवैद्यक विभागात काम करतो. सीमेपलीकडच्या कर्नाटकातून, कोकणातून आणि सोलापूरच्या बाजूनेही आमच्याकडे रुग्ण येतात, त्यामुळे नवा आजार आमच्या दारी येणारच नाही असे आम्ही समजू शकत नाही.

निपाहची सुरुवात अगदी साधी असते. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलटी, कधी खोकला. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ४ ते १४ दिवस जातात. मग काही रुग्णांत बडबड, गुंगी, झटके येतात, आणि एक-दोन दिवसांतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. आपल्याकडे मेंदूज्वराचे रुग्ण दर आठवड्याला असतात आणि त्यांतले निपाहचे नसतात. म्हणूनच सावध राहणे अवघड आहे. आम्ही तरुण डॉक्टरांना मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना चार गोष्टी विचारायला शिकवतो. घरात किंवा शेजारी असाच आणखी कोणी आजारी आहे का, गेल्या महिन्यात प्रवास कुठे झाला, खाली पडलेली फळे किंवा कच्ची नीरा घेतली का, आणि आजारी प्राण्याशी संबंध आला का. या प्रश्नांना तीन मिनिटे लागतात. त्यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले की रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायचे आणि मग बाकीचा विचार करायचा, असा आमचा नियम आहे.

संशय असेल तर घशाचा स्वॅब, रक्त, लघवी आणि शक्य असल्यास पाठीच्या मणक्यातले पाणी घेतले जाते. हे नमुने तिहेरी आवरणात, बर्फाच्या पेटीत, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवूनच पाठवायचे असतात. पुण्यात सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आहे आणि साताऱ्याहून ती दोन-अडीच तासांवर आहे, हे आपले भाग्य समजावे. मात्र गरम झालेला नमुना कितीही चांगल्या प्रयोगशाळेत नेला तरी त्याचा भरवसा राहत नाही.

एक मुद्दा अधोरेखित करतो. हा विषाणू हवेतून गावभर पसरणारा नाही. एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी माणसांना बाधित करतो, आणि ती माणसे बहुतेक करून उशाशी बसणारे नातेवाईक आणि सेवा करणारे कर्मचारी असतात. मृत्यूचे प्रमाण मात्र उद्रेकानुसार ४० ते ७५ टक्के असते आणि मान्यताप्राप्त लस अजून नाही. म्हणून आम्ही मास्क, हातमोजे आणि एकाच नातेवाइकाला परवानगी या गोष्टींवर अडून बसतो. वॉर्डात यावरून रोज भांडणे होतात. रुग्णाच्या बहिणीला बाहेर थांबवताना मलाही वाईट वाटते.

पाचगणी_पांथस्थ

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. २०२१ मध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे पर्यटक विचारू लागले की स्ट्रॉबेरी खावी का. स्ट्रॉबेरीचा आणि त्या गुहेचा संबंध कोणी जोडला हे आजही मला कळलेले नाही. आधीच टाळेबंदीने हॉटेलवाले, घोडेवाले, टॅक्सीवाले मोडून पडले होते. आपण पुन्हा महाबळेश्वरचे नाव शीर्षकात घेऊन भीती पसरवत नाही ना, याचा विचार व्हावा.

कृष्णाकाठ_वाई

आपली तक्रार रास्त आहे आणि शीर्षक ठेवताना मी दोनदा थांबलो होतो. तरी ते बदलणार नाही, कारण गुहेतली तपासणी ही आपल्या भागाची बदनामी करणारी गोष्ट नसून आपल्या भागावर कोणीतरी लक्ष ठेवते आहे याची खूण आहे. वटवाघळांत निपाहच्या खुणा देशातल्या इतरही राज्यांत सापडल्या आहेत. जिथे तपासले तिथे सापडले, जिथे तपासले नाही तिथल्याविषयी आपण गप्प आहोत, एवढाच फरक आहे. पर्यटकाला थेट सांगा की फळ धुऊन खा, गुहांत शिरू नका आणि वटवाघळांना हात लावू नका. खरी माहिती दिल्याने त्याचा विश्वास बसतो, आणि लपवले असे नंतर कळले तर तो पुन्हा येत नाही.

आटपाडी_पशुधन

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात पशुसंवर्धन खात्यात आहे. वरच्या चर्चेत एक बाजू राहिली आहे असे वाटते, ती प्राण्यांच्या नोंदीची.

निपाहच्या आधी आमच्या भागात मला कांगो तापाची काळजी वाटते. शेजारच्या गुजरातमध्ये जानेवारी २०११ मध्ये तो माणसांत आढळला, तेव्हा रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. हा आजार गोचिडामार्फत येतो, जनावर मात्र आजारी दिसत नाही. आमच्याकडे खिलारचे गोठे आहेत, मेंढपाळांचे कळप आहेत, आणि माणसे गोचीड नखांनी फोडतात. परवा एका वाड्यावर गेलो होतो, तिथे एक आजी शेळीच्या कानातले गोचीड काढून दगडावर अंगठ्याने चिरडत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग काय चिमट्यानं काढू?" मी म्हटले, होय, आणि रॉकेलच्या डबीत टाका. त्यांनी ते केले, कारण मी हातात चिमटा दिला.

दुसरे उदाहरण माकडतापाचे. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात तो १९५७ मध्ये ओळखला गेला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत आला. तो आजार माणसात येण्याआधी जंगलात माकडे मरतात, म्हणून मेलेले माकड दिसले की कळवणे हीच पहिली सूचना असते. आता पाटण, शिराळा या बाजूला चांदोलीच्या जंगलालगत राहणाऱ्या माणसाला मेलेले माकड दिसले तर तो कोणाला सांगतो? वनरक्षक म्हणतात आरोग्य खात्याला कळवा, आरोग्य खाते म्हणते पशुवैद्यकाला कळवा. माझ्या रजिस्टरमधली नोंद आरोग्यसेविकेच्या रजिस्टरमध्ये जात नाही आणि तिची माझ्याकडे येत नाही. २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी आम्ही गोठ्यागोठ्यात गेलो, लसी टोचल्या. तो आजार माणसाला होत नाही हे खरे, पण त्या फेऱ्यांमुळे आम्हाला प्रत्येक घर माहीत झाले. पुढच्या वेळी त्याच फेरीत "घरात कोणाला ताप आहे का" एवढे विचारायला आमचे काहीच जात नाही.

पाटण_आशा

मी पाटण तालुक्यात आशा म्हणून काम करते. मोठ्या लोकांच्या चर्चेत लिहावे की नाही असा विचार करत होते, पण काकांनी विचारले आहे की खबर अडते कुठे, म्हणून लिहिते.

पहिली अडचण अशी की माणसे ताप सांगत नाहीत. तोडणीच्या हंगामात ताप सांगितला की मुकादम कामावर घेत नाही आणि दिवसाची मजुरी बुडते. करोनात ज्या घरांना पत्रा ठोकला होता, ती घरे आजही माझ्यासमोर खोकत नाहीत. दुसरी अडचण अशी की मी सांगितले तर पुढे काय झाले हे मला कोणी सांगत नाही. मागच्या वर्षी मी एका वस्तीत चार जणांना ताप आहे असे वरती कळवले, नमुने नेले, आणि अहवाल काय आला हे मला आजपर्यंत कळलेले नाही. त्या घरातले लोक मला विचारतात, मी काय सांगू? पुढच्या वेळी ते मला रक्त घेऊ देतील का?

आमच्याकडे ओढ्याकाठी शिंदीची झाडे आहेत, रात्री मडकी बांधतात आणि सकाळी उतरवतात. मडक्यात कधी वटवाघळाची घाण दिसते, लोक गाळून पितात. डॉक्टरांनी नीरा लिहिली आहे ती हीच ना?

मिरज_फिजिशियन

ताई, अगदी हीच. बांगलादेशात निपाहचे बहुतेक उद्रेक खजुरीच्या कच्च्या रसामुळेच झाले. वटवाघळे रात्री धारेला तोंड लावतात, मडक्यात लघवी करतात, आणि तो रस सकाळी ताजा पितात. गाळल्याने विषाणू जात नाही, उकळल्याने जातो. तेथे मडक्याच्या तोंडाभोवती आणि सालीच्या कापाभोवती बांबूच्या कामट्यांचा किंवा तागाचा पडदा बांधायला शिकवले जाते, म्हणजे वटवाघूळ धारेपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे शिंदीच्याच पानांचा किंवा जुन्या पोत्याचा पडदा चालू शकेल. मडकी बांधणाऱ्यांना नीरा बंद करा असे सांगितले तर ते ऐकणार नाहीत, त्यांचे पोट त्यावर आहे. पडदा बांधा असे सांगितले तर ऐकतील.

कृष्णाकाठ_वाई

ताई, या धाग्यात सर्वांत महत्त्वाचे लिहिले ते तुम्ही. अहवाल परत गावात पोहोचत नाही, हा दोष माझ्या नोकरीच्या काळातही होता आणि मी तो दूर करू शकलो नाही. नमुना नेताना आम्ही घाई करायचो आणि निकाल आला की तो फायलीत लावून मोकळे व्हायचो. नमुना निगेटिव्ह आला तर कोणी सांगतच नसे, जणू निगेटिव्ह ही बातमीच नाही. ज्या घराने हात पुढे केला त्या घराला ती सर्वांत मोठी बातमी असते.

ताप लपवण्याविषयी एक सुचवतो. नाव न विचारता फक्त घरांची संख्या विचारा. "वाडीत या आठवड्यात किती घरांत ताप आहे" असे विचारले की माणसे बोलतात, कारण कोणाचे घर धरले जात नाही. एका वाडीत नेहमीपेक्षा जास्त घरे आली, किंवा एकाच घरात दोघे गंभीर झाले, की तुमच्या आरोग्यसेविकेला फोन करा, आठवड्याच्या फॉर्मची वाट पाहू नका. ती नसेल तर १०४ वर सांगा. जनावरे किंवा माकडे मेलेली दिसली तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक आहे.

आटपाडी_पशुधन

काकांच्या घरांच्या संख्येच्या पद्धतीला मी एक जोड देतो. आमच्या गावात या महिन्यापासून आशाताई आणि मी एकच शंभर पानी वही वापरायला सुरुवात केली आहे. डाव्या पानावर माणसांचा ताप, उजव्या पानावर जनावरांचे आजार आणि मेलेले प्राणी, आणि तारीख दोन्हीकडे एकच. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. तिला शासनाची मान्यता नाही आणि ती कोणत्याही संगणकात जात नाही. पण मागच्या गुरुवारी डावीकडे "खालची वस्ती, तीन घरे, ताप" आणि उजवीकडे "खालची वस्ती, दोन शेळ्या गाभडल्या" असे समोरासमोर दिसले, आणि आम्ही दोघे एकत्र तिथे गेलो. नमुने घेतले आहेत. शेळ्यांचे आमच्या खात्यामार्फत आणि माणसांचे प्राथमिक आरोग्य केंद्रातून गेले.

पाटण_आशा

दादा, अहवाल आला की त्या तीन घरांना आधी सांगा आणि मग इथे लिहा. आमच्या सरपंचबाईंना मी तुमची वही दाखवणार आहे, डाव्या-उजव्या पानाचा फोटो टाकता आला तर टाका, नावे झाकून.

आटपाडी_पशुधन

टाकतो. वहीत नावे नाहीतच, फक्त घरे मोजली आहेत. आज संध्याकाळी कपाटाची किल्ली ग्रामसेवकांकडून घेतो.